जुन्या नगराध्यक्षाचं चरित्र लिहायचंय? आधी गावचं पाणी शोधा

दिवाळी अंक निघायचा असला किंवा नगरपालिकेच्या पन्नास-पंचाहत्तर वर्षांचा कार्यक्रम ठरला की आमच्या मराठवाड्यात एक काम हमखास कुणातरी मास्तरच्या गळ्यात पडतं, "सर, आपल्या पहिल्या नगराध्यक्षांवर स्मरणिकेत चार पानं लिहा की". आणि ती चार पानं कशी होतात ते सगळ्यांना माहितीये. शेतकरी कुटुंबात जन्म, लहानपणापासून हुशार, लोकांसाठी झिजले, दूरदृष्टी, कर्तृत्व, शेवटी हार घातलेला फोटो. नाव बदललं की हेच चरित्र जालन्याला चालतं, परळीला चालतं, उदगीरलाबी चालतं. घरचे तेवढे फ्रेम करून लावतात, बाकी कुणी वाचत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कमी पाण्याच्या गावात जो माणूस पुढारी होतो त्याचं आयुष्य बहुतेक वेळा पाणी, जागा आणि कागद यातच गुंतलेलं असतं, त्यामुळं लिहायला बसताना त्याची जन्मतारीख हुडकत बसू नका, गावाला पाणी कुठून यायचं ते आधी हुडका. बाकीचं त्याच्यावर बसत जातं. कसं ते एक परदेशातलं उदाहरण घेऊन दाखवतो, कारण आपल्या भागातलं घेतलं की लगेच कुणाचे तरी आजोबा निघतात आणि मुद्दा राहतो बाजूला.

उदाहरण आहे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सचं. पक्कं वाळवंट. वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही, आपली मराठवाड्याची सरासरी ७०० च्या आसपास आहे आणि तरी आपण बोंब मारतो (मारायलाच पाहिजे, ती वेगळी गोष्ट). तर असल्या जागेवरचं हे गाव आज अमेरिकेतलं पाचव्या नंबरचं शहर आहे, २०२० च्या जनगणनेत १६ लाखाच्या वर माणूस. त्याचा पहिला मेयर जॉन टी. अल्सॅप, १८८१ साली निवडून आलेला. पुतळ्याबितळ्याचा विचार सोडा, आपल्याकडं त्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं, म्हणूनच सरावाला बरा. त्याच्याबद्दल आपल्याला ना प्रेम ना राग.

एक वही, तीन रकाने

वहीच्या पानावर तीन उभे रकाने पाडा. पहिला पाणी, दुसरा जागा, तिसरा माणूस. डाव्या बाजूला सालं टाकत जा. आणि तिसरा रकाना सुरुवातीला कोराच ठेवायचा, लई हात शिवशिवतो पण ठेवायचा.

फिनिक्सचा पाण्याचा रकाना बघा कसा भरतो. सॉल्ट नावाची नदी. तिच्या काठी होहोकम नावाच्या तिथल्या मूळच्या लोकांनी शेकडो वर्षं आधी कालव्यांचं मोठं जाळं खोदलं होतं, आणि साधारण १४५० च्या सुमाराला ते लोक तिथून गेले, कालवे तसेच मातीनं बुजत पडून राहिले. मग १८६७ मध्ये जॅक स्विलिंग नावाच्या माणसानं तिथल्या विकेनबर्ग गावात एक कालवा कंपनी काढली, माणसं घेऊन आला आणि नदीचं पाणी पुन्हा वळवायला घेतलं, बऱ्याच ठिकाणी त्या जुन्याच खुणा धरून. १८६८ पासून तिथं वस्ती आणि पिकं दोन्ही सुरू. त्या भागात तेव्हा नियम असा की जो आधी पाणी वळवून वापरात आणील त्याचा हक्क आधी. हा नियम रकान्यात ठळक लिहून ठेवा, कारण पुढं कोण मोठा झाला आणि कोण कोरडा राहिला याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

आता आपल्या गावचा रकाना. छत्रपती संभाजीनगरचं लिहित असाल तर १६१० ला मलिक अंबरनं खडकी वसवली आणि नहर-ए-अंबरी काढली तिथून सुरू करा, जमिनीखालून खापराच्या नळातून शहरात पाणी आणलेलं, मग पाणचक्की, मग थेट जायकवाडी, ज्याची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली आणि लोकार्पण १९७६ ला इंदिरा गांधींनी. लातूरचं असेल तर मांजरा नदी, धनेगावचं धरण, आणि शेवटाकडं २०१६ चा एप्रिल, जेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि ५ लाख लिटर, आणि त्याच्या आधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली. छोट्या गावाचं असेल तर बारव कुणाची, आड किती, तळं कुणी बांधलं, नदीत झिरे कुठं खोदायचे, १९७२ च्या दुष्काळात कुठल्या आडाला पाणी टिकलं, नळयोजना कुठल्या सालची. बारव आहे आणि तिच्यात आज कचरा आहे असं असेल तर तेबी लिहा.

हा रकाना भरायला आठवडाभर लागला तरी लागू द्या. घाई करणाऱ्याचं चरित्र पुन्हा "लहानपणापासून हुशार" वर जातं.

जागेचा रकाना

पाणी आलं की जागेला भाव येतो, आणि जागेला भाव आला की गावाला अध्यक्ष लागतो. फिनिक्समध्ये २० ऑक्टोबर १८७० ला तिथल्या लोकांनी बैठक घेतली, गावठाण कुठं धरायचं यावर. ३२० एकरांची जागा ठरली. आणि ज्यांच्याकडं हे काम सोपवलं त्यात आपला अल्सॅप होता, म्हणजे मेयर व्हायच्या दहा-अकरा वर्षं आधी. डिसेंबरात प्लॉट विकायलासुद्धा सुरुवात झाली. पण सरकारी कागद झाला नव्हता. तो झाला १० एप्रिल १८७४ ला, राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या नावानं जागेची सनद निघाली ती जज अल्सॅपच्या नावावर, गावातल्या लोकांच्या वतीनं. सगळा खर्च धरून ३२० एकरांना ५५० डॉलर पडले. आज ती जागा म्हणजे शहराच्या मधला भाग.

बघा, माणसाचा रकाना अजून कोरा आहे तरी माणूस दिसायला लागलाच ना. गावच्या सातबाऱ्यावर, म्हणजे तिकडच्या भाषेत जे काय असेल त्याच्यावर, पहिलं नाव ज्याचं, तोच पुढं पहिला मेयर.

आपल्याकडं हेच कुठं बघायचं? मोंढा कुठं वसला आणि त्याची जागा आधी कुणाची होती. बसस्टँड गावाच्या कुठल्या टोकाला गेलं आणि त्या बाजूला कुणाची शेती होती. रेल्वे स्टेशन. मराठवाड्यात मनमाड-हैदराबाद लाइन १९०० च्या सुमाराची, लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ ला पोहोचली, त्यानंतर गाव कुठल्या अंगानं वाढलं ते जुन्या नकाशावर दिसतं. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, तिथं कुणाला कुठला गाळा मिळाला यावर एक वेगळं पुस्तक होईल. असले प्रश्न विचारले की लोक जरा सावध होतात, काहून विचारायलाव म्हणतात. हसून सांगायचं, जुन्या गोष्टी लिहायलोय.

आता माणूस

आता तिसरा रकाना भरा, आणि भरताना पहिल्या दोन रकान्यांच्या समोर सालाप्रमाणं बसवा.

अल्सॅप मूळचा केंटकीचा. शिकलेला डॉक्टर. सोन्याच्या नादानं जशी हजारो माणसं पश्चिमेला गेली तसा तोबी कॅलिफोर्नियाला गेला आणि १८६३ ला ॲरिझोनात आला. पुढच्याच वर्षी त्या प्रांताचा पहिला खजिनदार. किंग वूल्सी नावाच्या माणसानं तिथल्या मूळच्या अपाचे लोकांवर ज्या सशस्त्र मोहिमा काढल्या त्यात हा सर्जन म्हणून गेला. मग सॉल्ट नदीच्या खोऱ्यात आला, प्रांताच्या विधिमंडळात बसला, १८७१ ला फिनिक्सची मॅरिकोपा काउंटी, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा, वेगळी झाली त्यात त्याचा पुढाकार होता, वकिली केली, प्रोबेट जज, म्हणजे मृत्युपत्र-वारसाची प्रकरणं बघणारा न्यायाधीश, झाला. म्हणजे डॉक्टर, वकील, जज, खजिनदार, आमदार सगळं एकाच माणसात. मोठेपणा सांगायला म्हणून हे लिहू नका, कारण सांगायला म्हणून लिहा. नव्या गावात लिहिता-वाचता येणारी, कायदा कळणारी माणसं हाताच्या बोटावर असतात, त्यामुळं प्रत्येक कागद फिरून त्याच दोन-चार जणांकडं येतो. आपल्याकडंबी पहिल्या पिढीचे नगराध्यक्ष बघा, वकील, डॉक्टर, नाहीतर मोंढ्यातले अडत दुकानवाले. जिल्हा वेगळा करून घ्यायची खटपट आपल्याला नवीन नाही, जालना १९८१, लातूर १९८२, हिंगोली १९९९, तेव्हा वाचकाला काउंटीची भानगड समजवायला हे पुरेसं आहे.

२५ फेब्रुवारी १८८१ ला फिनिक्सच्या नगरपालिकेच्या कायद्यावर सही झाली आणि ३ मे १८८१ ला निवडणूक. अल्सॅपला १२७ मतं, समोरच्या जेम्स मॉनिहनला १०७. वीस मतांनी आला. एक वर्ष मेयर राहिला, १८८२ ला दुसरा आला. १८८६ ला अल्सॅप वारला.

इथं थांबा. मेयरकी फक्त एक वर्षाची. म्हणजे ज्या पदामुळं आपण त्याचं चरित्र लिहायलोय ते पद त्याच्या आयुष्यातला सगळ्यात छोटा तुकडा आहे. आपल्या गावातबी बहुतेक वेळा असंच निघतं, खुर्चीची दोन-तीन वर्षं आणि त्याच्या आधीची पंचवीस वर्षं कुणी लिहिलेलीच नसतात. तुम्ही ती लिहा.

अजून एक युक्ती, माझी आवडती. माणूस वारला त्या साली गावात काय नव्हतं त्याची यादी करा. अल्सॅप गेला तेव्हा फिनिक्सला रेल्वे नव्हती, ती पुढच्या वर्षी, ४ जुलै १८८७ ला आली. राजधानी नव्हती, ती १८८९ ला आली. रूझवेल्ट धरण तर १९११ चं. "त्यांनी आधुनिक शहराचा पाया रचला" हे वाक्य टाकायचा मोह होतो ना, ही यादी समोर असली की ते वाक्य आपोआप गळून पडतं आणि खरं काय केलं ते उरतं.

मतं किती पडली ते लिहिलं की लगेच पुढचा प्रश्न लिहा, मतं कुणाला नव्हती. दोघांची मिळून २३४ मतं होतात आणि १८८० च्या जनगणनेत गावात १,७०८ माणसं होती. बायकांना ॲरिझोनात मताचा हक्क मिळाला १९१२ ला. राखीव क्षेत्रात राहणाऱ्या आदिवासींना तर १९४८ पर्यंत मत टाकू दिलं नाही, तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला तेव्हा, योगायोगानं आपल्या मराठवाडा मुक्तीचंच साल. आणि शेजारच्या हिला नदीवर जे पिमा लोक पिढ्यानपिढ्या शेती करत होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना आणि लष्कराला धान्य विकत होते, त्यांचं पाणी वरच्या अंगाला आलेल्या नव्या वस्त्यांनी वळवलं आणि त्यांच्यावर उपासमार आली. वरच्यानं पाणी अडवलं की खालच्याचं काय होतं हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, जायकवाडीत वरून किती सोडायचं यावर अजून भांडणं चालू आहेत. पण अल्सॅपच्या चरित्रात हे पान नसेल तर ते चरित्र खोटं नाही तरी अर्धं आहे.

आपल्या गावात हे पान म्हणजे पाणवठे. कुठल्या आडावर कोण भरायचं, कुणाला वरून ओतून दिलं जायचं, नळकोंडाळी बसवली तेव्हा बौद्ध वस्तीत, मातंग वस्तीत कधी आली, मोमीनपुऱ्यात कधी आली, सगळ्यात शेवटी कुठं आली. नगराध्यक्षांनी हे बदललं असेल तर त्यांचं खरं काम तेच, आणि नसेल बदललं तर तसं लिहायचं. दुसरं अवघड पान १९४८ चं. रझाकारांचा जाच सगळे सांगतात, सांगितलाच पाहिजे, पण पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजेनं निजामाचं राज्य घेतल्यावर, मुसलमान वस्त्यांत काय झालं ते गावोगाव दबक्या आवाजात असतं, त्याची पाहणी केलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवालसुद्धा कितीतरी वर्षं बंदच होता. स्मरणिकेच्या चार पानांत हे सगळं मावणार नाही मान्य, पण त्या साली आपले नगराध्यक्ष कुठं होते, कुणाला घरात लपवलं, कुणाची घरं रिकामी झाली आणि पुढं ती कुणाच्या नावावर दिसतात, एवढं तरी वहीत उतरवून घ्या. छापायचं का नाही ते नंतर.

कागद कुठं हुडकायचे

फिनिक्सचं सोपं आहे, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून फुकट टाकलीत, क्रॉनिकलिंग अमेरिका नावानं सर्च करा, सॉल्ट रिव्हर हेरल्ड हे १८७८ ला सुरू झालेलं पत्र बघा. इंग्रजी जुनाट आहे पण मोबाइलवर मोठं करून वाचता येतं.

आपल्याकडं जरा हिंडावं लागतं. सगळ्यात आधी जिल्हा गॅझेटियर आणि १९५१, १९६१ च्या जनगणनेचं डिस्ट्रिक्ट हँडबुक, त्यात गावची लोकसंख्या, नगरपालिका कधीची, पाण्याची सोय काय हे थोडक्यात असतं. मग वर्तमानपत्रं, अनंत भालेरावांच्या काळातला दैनिक मराठवाडा चाळल्याशिवाय पुढं जाऊच नका, छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या ग्रंथालयांत विचारा, विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. नगरपालिकेच्या निवडणुकीची चार ओळींची बातमी असते आणि पाणीटंचाईची दोन कॉलमांची, दोन्ही उतरवून घ्या.

जमिनीसाठी तहसीलमधून १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि पाहणीपत्रकं, गावठाणातल्या जागेसाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका. निजामकाळाचं हवं असेल तर पुराभिलेख विभागाचं छत्रपती संभाजीनगरचं कार्यालय आणि शेवटी हैदराबादला तारनाक्याचं अभिलेखागार. तिथं गाठ पडते उर्दूशी. गावात उर्दू शाळेतले रिटायर झालेले एखादे सर असतातच, त्यांना चहाला बोलवा, पानं दाखवा, आणि स्मरणिकेत त्यांचं नाव टाका, विसरू नका.

तारखांचं लक्षपूर्वक ऐका कारण इथं भले भले घसरतात. निजामाच्या कागदावर फसली साल (तिथलं महसुली वर्ष) असतं आणि ते आजूर महिन्यापासून, म्हणजे साधारण ६ ऑक्टोबरपासून सुरू होतं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर फसली सालात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढची असेल तर ५९१. म्हणजे फसली १३५७ हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. महिना लिहिलेला नसेल तर दोन्ही सालं लिहा, १९४७-४८ असं, उगाच एक ठोकून देऊ नका. पैशाचंबी तसंच, जुन्या हिशोबात "रुपये" दिसले की ते हाली (निजामाचे) आहेत का कलदार (इंग्रज सरकारचे) ते बघा, साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार. आणि त्या काळचे रुपये किंवा अल्सॅपचे ५५० डॉलर "आजच्या भावानं अमुक लाख" असं कुणी करत असेल तर हात धरा त्याचा. त्यापेक्षा त्याच वर्षी ज्वारीचा भाव काय होता, शिपायाचा पगार काय होता ते सापडलं तर शेजारी लिहा.

नगरपालिकेतून काय मागायचं? सत्कार समारंभाच्या फायली नको, ठराव बुक मागा. सभेची प्रोसिडिंग. तोंडी मागून दिलं तर उत्तमच, नाहीतर माहितीचा अधिकार आहे, अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांत आटपायचं, ३० दिवसांत उत्तर, झेरॉक्सला पानाला २ रुपये. माझा सल्ला असा की झेरॉक्स मागूच नका आधी, "अवलोकन करू द्यावे" असं लिहा, जाऊन बसा, आणि लागणारी पानं तेवढी मागा. "रेकॉर्ड जीर्ण झाले, उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर लगेच खचायचं नाही, अपील आहे, आणि कधीकधी अपिलाच्या आधीच एखादा जुना शिपाई मागच्या खोलीचं कपाट उघडून दाखवतो.

ठराव वाचताना भाषणं सोडा, तीनच गोष्टी बघा. कुठली विहीर, कुठला नळ, किती पैसे. सूचक कोण, अनुमोदक कोण. विरोधात कोण. तीच तीच नावं फिरून यायला लागली की समजा गावाचं राजकारण तुम्हाला सापडलं.

आणि "पहिला" कुठला धरायचा ते आधी ठरवा. निजामाच्या काळात बहुतेक ठिकाणी वरून नेमलेला अधिकारी असायचा, नंतर निवडून आलेले अध्यक्ष आले, पुढं १९६५ च्या नगरपरिषदा कायद्यानं पद्धत बदलली, काही गावांच्या तर महापालिका झाल्या, छत्रपती संभाजीनगरची १९८२ ला. तेव्हा एकाच गावात तीन-चार घरं "आमचेच पहिले" म्हणू शकतात आणि सगळी आपापल्या जागी बरोबर असतात. पहिल्याच परिच्छेदात लिहून टाका की मी निवडून आलेला पहिला धरलाय, म्हणजे पुढचे फोन वाचतात.

माणसांशी बोलायचं कसं

"साहेब कसे होते?" असं विचारलं की "देवमाणूस होते" एवढंच मिळतं, शंभर टक्के. त्याऐवजी नळाचं विचारा.

"मावशी, तुमच्या वाड्यात नळ कधी आला हो?"

"नळ? लई उशिरा. आधी त्या वेशीजवळच्या आडावर जायचो की. माझं लग्न होऊन आले तेव्हा नळ नव्हताच."

"मग कुणाच्या घरी होता आधी?"

झालं. आता मावशी स्वतःहून सांगतात कुणाच्या घरी आधी आला आणि काहून, लग्नाच्या सालावरून तुम्हाला नळाचं साल मिळतं, पोरगं कितवीला होतं, कुठला दुष्काळ होता, सगळं जुळवता येतं. बायकांना आधी विचारा, पाणी त्यांनी भरलंय. पुरुष मंडळी राजकारण चांगलं सांगतात पण पाण्याची सालं त्यांची हटकून चुकतात. मोमीनपुऱ्यात गेलात तर चाचांबरोबर खालांनाबी भेटायचा प्रयत्न करा, सोबत घरातली कुणी बाई नेली तर बोलणं मोकळं होतं. जुना लाइनमन, टाकीवरचा व्हॉल्व्हमन, टँकरचा ड्रायव्हर, हे लोक नगराध्यक्षाच्या मुलापेक्षा जास्त सांगतात.

रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा, समोर मोबाइल ठेवून. आणि एका माणसानं सांगितलेलं साल एकट्याच्या भरवशावर छापू नका, दुसऱ्या कुणाकडून किंवा कागदातून जुळलं तरच घ्या, नाही जुळलं तर "अमुकांच्या आठवणीनुसार" असं स्पष्ट लिहा.

लिहायला बसल्यावर

सुरुवात जन्मानं करू नका. वहीत अशी एक नोंद शोधा जिथं तिन्ही रकाने एकाच सालाला भरलेत, आणि तिथून उघडा. अल्सॅपचं मी लिहिलं तर असं सुरू करीन:

"१८७४ च्या एप्रिलात सॉल्ट नदीकाठच्या वस्तीच्या हातात एक सरकारी कागद आला. ३२० एकर जागा, खर्च सगळा धरून ५५० डॉलर, आणि नाव जज अल्सॅपचं. नदीचं पाणी जुन्या कालव्यांच्या वाटेनं परत आणून जेमतेम सहा वर्षं झाली होती. ज्यांनी ते कालवे पहिल्यांदा खोदले त्यांचं नाव कागदावर कुठंच नव्हतं."

बघा, चार वाक्यांत पाणी, जागा, माणूस तिन्ही आले आणि "थोर" हा शब्द लागला नाही. इथून मागं जाऊन केंटकी सांगा, डॉक्टरकी सांगा, वूल्सीची मोहीम सांगा, मग पुढं येऊन निवडणूक. जन्म आणि शिक्षणाला दोन ओळी बास होतात.

विशेषणं शेवटी मोजा. दूरदृष्टीचे, झुंजार, निःस्वार्थी, अजातशत्रू, हे सापडतील तिथं खोडा आणि त्या जागी एक काम लिहा, सालासकट. काम सापडत नसेल तर विशेषण तिथं काय करत होतं? अजातशत्रू तर नकोच, निवडणूक लढलेला माणूस अजातशत्रू कसा असेल, अल्सॅपच्या विरोधात १०७ जण होतेच की.

लांबी दीड-दोन हजार शब्द पुरे. हात बसला नसेल तर आधी फिनिक्सवर एक पान लिहून बघा, किंवा लास व्हेगास घ्या, तिथं रेल्वे कंपनीनं १५ मे १९०५ ला प्लॉटचा लिलाव केला, १९११ ला नगरपालिका झाली आणि पहिला मेयर पीटर ब्यूल हाबी जमिनीच्या धंद्यातलाच. तीच वही, तेच तीन रकाने.

छापायच्या आधी

घरच्यांना वाचायला द्या, पण दुरुस्ती फक्त तारखा, नावं आणि नात्यांची घेईन हे आधीच सांगून द्या. नातू आज कुठल्यातरी पक्षात असतोच, तो म्हणेल सर ते जागेचं जरा काढा. तेव्हा वादावादी करू नका, खासरा पत्रकाची झेरॉक्स समोर ठेवा आणि म्हणा, दादा, हे सरकारी कागदावर आहे, मी माझ्या मनचं काही लिहिलेलं नाही, तुमच्याकडं वेगळा कागद असेल तर द्या, तोबी छापतो. कधीकधी खरंच कागद निघतो आणि लेख सुधारतो. जे नुसतं ऐकीव आहे आणि कुणाची बदनामी होईल असं आहे ते मात्र वहीतच राहू द्या.

फोटो घेताना मूळ फोटो घरून नेऊ नका, जागेवरच मोबाइलनं उजेडात काढा, मागच्या बाजूचाबी काढा कारण स्टुडिओचा शिक्का आणि साल तिथंच असतं. फोटोतल्या सगळ्यांची नावं डावीकडून विचारून घ्या, मागं उभ्या असलेल्या शिपायाचंसुद्धा. स्मरणिका निघाली की दोन प्रती गावच्या वाचनालयात, एक जिल्ह्याच्या ग्रंथालयात, आणि वहीची झेरॉक्स बाइंड करून त्याच्यासोबत, कारण स्मरणिकेत आलं त्याच्या चौपट माल त्या वहीत पडून असतो.